तिसरा बोल्ट

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या मोठ्या रस्त्यावर जुन्या गाड्या निघतात. लोक सकाळी सहालाच कडेला घडीच्या खुर्च्या मांडून जागा धरतात. डेल्मर स्टॅम्पर खुर्ची आणत नसे. तो पाठीखाली घ्यायची चाकांची फळी आणायचा, एक विजेरी, आणि मागच्या खिशात चिंधी. कुठे ‘मार्शल’ उभी दिसली की मालकापुढे टोपी काढायचा.

“खालून बघू का जरा? ह्या मी बनवल्यात.”

नाही कोण म्हणणार? मालक खूश व्हायचे. डेल्मर फळीवर आडवा होऊन डाव्या पुढच्या चाकामागून आत सरकायचा आणि दोन मिनिटांनी बाहेर यायचा. छान ठेवलीय म्हणायचा, चिंधीला बोटं पुसायचा, पुढच्या गाडीकडे जायचा. एकदा वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता. आपण घडवलेल्या गाड्यांवर म्हाताऱ्याचं अजून प्रेम आहे, असं खाली लिहिलं होतं. त्याच्या बायकोनं, इमोजीननं, तो कापून फ्रीजला लावला. डेल्मरनं त्याच दिवशी काढून टाकला.

मी त्याच्यासमोर एकोणीस वर्षं काम केलं. कारखान्यात गाड्या जोडत पुढे नेणाऱ्या रुळाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. तो गाड्यांखाली काय शोधायचा हे मला माहीत होतं. इमोजीनला नव्हतं.

डेल्मर केंटकीच्या डोंगरातला. पंचावन्न साली, एकोणिसाव्या वर्षी, काकाच्या पत्त्याची चिठ्ठी घेऊन बसनं आला आणि चौथ्या दिवशी कारखान्यात लागला. आम्ही पोलिश पोरं त्याला डोंगरी म्हणायचो. त्याच्या डब्यात शिजवलेले घेवडे आणि मक्याचा पाव असायचा. तो उभ्यानंच जेवायचा. बसलं की उठायला वेळ लागतो, म्हणायचा.

चांगला कामगार म्हणजे जलद कामगार, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं. जलद माणूस दुपारपर्यंत जलद असतो. डेल्मर सकाळी सातला जसा हात चालवायचा तसाच साडेतीनलाही. हवेच्या दाबावर चालणारा पाना तो कधी दाबून धरत नसे. बोल्ट बसला की पान्याचा आवाज बदलतो. त्या आवाजावर त्याचं बोट सुटायचं. मी त्याचं बघून शिकायचा प्रयत्न केला. मला नुसत्या आवाजावर कधी जमलं नाही.

आणि गाडी म्हणजे मार्शल. लांबी वीस फुटांना तीन इंच कमी. पुढचं झाकण एवढं की त्यावर दोन माणसं झोपावीत. छताला कातड्यासारखं आवरण, आत लाल दारूच्या रंगाच्या मखमली बैठका. दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा आवाज. त्यानंतर बाहेरचं जग ऐकू येत नसे. रस्ता कसा आहे, चाकाखाली काय आलं, काही म्हणून आत पोचत नसे. स्टीअरिंग एका बोटानं फिरायचं. लोक आजही ह्याचसाठी हळहळतात. मीही हळहळतो. मी एकदाच चालवली, माझ्या मेव्हण्याची. शंभर मैल गेलो तरी हाताला काही जाणवलं नाही.

हाताला काही जाणवत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा.

रुळावर गाडीचं शरीर नंतर येतं. आमच्याकडे नुसता सांगाडा यायचा, काळा, कमरेच्या उंचीला. दर सत्तर सेकंदांना एक. स्टीअरिंगचा उजवीकडचा दांडा डेल्मरचा. डावीकडची स्टीअरिंगची पेटी, चाकं वळवते ती, माझी. ती तीन बोल्टांवर सांगाड्याला धरलेली असते. तीन बोल्ट हवेच्या पान्यानं आवळायचे, मग कुंचल्यानं प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळा ठिपका द्यायचा. आवळल्याची खूण ती. शेवटच्या खड्ड्यात तपासनीस दिवा धरून ठिपके बघायचा. बोल्टाला हात लावायला त्याला वेळच नसायचा.

आधी आवळायचं, मग ठिपका. हा क्रम पहिल्या दिवशी शिकवायचे.

पण आमच्यात एक रीत होती. तिला आम्ही डबल म्हणायचो. समोरासमोरचे दोघे आपसात ठरवायचे. अर्धा तास एकानं दोघांचं काम करायचं, दुसरा मोकळा. मग उलट. मुकादमाला दिसायचं, पण गाड्या निघत असल्या की तो बघत नसे. सत्तर सेकंदांत दोघांचं काम बसवायचं तर सेकंद वाचवावे लागतात. मग माणूस क्रम बदलतो. सांगाडा येताना डावा हात मोकळा असतो, तेवढ्यात तिन्ही ठिपके देऊन टाकायचे. मग उजव्या हातानं आवळत जायचं. गाडीमागे चार सेकंद वाचतात. मीही हे करायचो. सगळेच करायचे.

शहात्तरच्या जूनमधली एक दुपार. आत पंख्यांचासुद्धा गरम वारा येत होता. आदल्या दिवशी माझ्या भावाचं लग्न झालं होतं आणि माझं डोकं फुटत होतं. डेल्मर म्हणाला, जा, पड. मी रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर जाऊन झोपलो.

अर्ध्या तासानं परत आलो तेव्हा डेल्मर रुळाच्या पुढच्या टोकाकडे बघत होता. मी जागा घेतली. तो धावतच पुढे गेला. सुट्टीनंतर हात धुताना सांगितलं. एका सांगाड्यावर त्यानं तिन्ही ठिपके दिले, दोन बोल्ट आवळले, आणि तिसऱ्याला पाना लावणार तेवढ्यात हवेची नळी निसटली. वाकून ती जोडेपर्यंत सांगाडा नळीच्या टप्प्याबाहेर गेला होता आणि मागचा समोर आला होता. तिसरा बोल्ट हातानं फिरवून लावलेला होता, तेवढाच. मी परत आल्यावर तो धावत पुढे गेला. तोवर वरून गाडीचं शरीर उतरलं होतं. मागच्या, तिसऱ्या बोल्टापर्यंत आता वरून पाना पोचत नव्हता. खालून दिसत होता तो फक्त ठिपका.

सांगाड्यावरच्या कागदाचा नंबर त्यानं वाचला होता. सहा आकडे.

“मुकादमाला सांगू का?” त्यानं विचारलं.

मला त्या वर्षी दोन लेखी ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरी म्हणजे घरी. त्याला ते माहीत होतं. म्हणून त्यानं आधी मला विचारलं. मी काय म्हणालो ते तसंच लिहितो.

“तिन्ही पिवळे आहेत ना? मग झाली गाडी. गप बस, भावा.”

तो गप बसला.

मी विसरलो. खरं सांगायचं तर त्या आठवड्यातच विसरलो. तो विसरला नाही, हे मला कळायला तीन वर्षं लागली. पेट्रोल महागलं, लोक मोठ्या गाड्या मोडीत काढायला लागले, आणि डेल्मर रविवारी चर्चनंतर भंगारवाड्यांत जायला लागला. एकदा मला सोबत घेऊन गेला. मार्शलवर मार्शल रचून ठेवल्या होत्या. मला वाईट वाटत होतं. त्या बैठकांत पाणी साचलं होतं. डेल्मर काचेतून आतल्या पट्टीवरचे नंबर वाचत फिरत होता. प्रत्येक चेपलेल्या गाडीपाशी त्याचा चेहरा जरा सैल व्हायचा.

“अजून एक गेली,” तो म्हणाला. तेव्हा मला आठवलं.

कंपनीला त्यानं एक पत्रही पाठवलं होतं. नाव न घालता. उत्तर कुठे येणार? अपघाताच्या बातम्या तो बोट ठेवून वाचायचा. गाडी झाडावर गेली, कारण कळलं नाही, असं काही असलं की गाडी कोणती ते शोधायला वाचनालयात जायचा. कारखाना सत्त्याऐंशीत बंद झाला. आम्ही दोघे आणखी कुठेकुठे राबून निवृत्त झालो. मार्शल रस्त्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या. पाच-सहा वर्षं तो जरा बरा होता. माझ्याकडे पत्ते खेळायला यायचा.

मग लोकांना आठवण यायला लागली. कोठारांतून, विधवांच्या गॅरेजमधून गाड्या बाहेर निघाल्या. लोक त्यांना पॉलिश करायला लागले, क्लब काढायला लागले. सगळे म्हणायचे, ह्या गाड्या वाचल्या, फार छान झालं. डेल्मरचं पत्ते खेळणं सुटलं. त्यानं चाकांची फळी केली.

नंबर पाठ असूनही तो प्रत्येकीखाली शिरायचा. त्या अर्ध्या तासात पंचवीस गाड्या गेल्या होत्या, आणि बाकीच्या चोवीस बरोबर झाल्या असं त्याला शपथेवर सांगता येत नव्हतं. तिसऱ्या बोल्टाला दोन बोटं लावायची, फिरतो का बघायचं. फिरला असा एकही सापडला नव्हता.

ही गोष्ट दोन हजार नऊची. डेल्मर त्र्याहत्तर वर्षांचा, मी सत्तरीचा. त्या शनिवारी एका बँकेच्या आवारात हिरवी मार्शल उभी होती. भोवती मखमली दोर. पाटीवर लिहिलं होतं की चौतीस वर्षांत बारा हजार मैल, कारखान्यातून आल्यावर एका बोल्टालाही कुणी हात लावलेला नाही. चौतीस ही पाटी लिहिणाऱ्याची चूक होती. तेहतीस हवं. डेल्मर दोरावरून वाकला आणि काचेतून नंबर वाचला. मग तो सरळ उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली, पण समोर मालक नव्हता.

मला विचारायची गरज पडली नाही.

मालक आला. प्रेस्टन त्याचं नाव, पंचेचाळीसच्या आसपास, पांढरी पँट. चांगला माणूस. हे मी मुद्दाम लिहितो. त्याच्या वडिलांकडे असलीच गाडी होती. दर उन्हाळ्यात ते सगळ्यांना घेऊन उत्तरेला, सामुद्रधुनीवरच्या लांब पुलापलीकडे जायचे. वडील गेले, गाडी केव्हाच गेली. ही त्यानं ओहायोतल्या एका विधवेकडून घेतली आणि आता आईला घेऊन त्याच रस्त्यानं निघाला होता. आई तिथेच सावलीत बसली होती, मांडीवर पातळ पांघरूण. उद्या सकाळी निघणार. सोमवारी पलीकडे क्लबचं परीक्षण होतं. न बदललेल्या गाड्यांचं.

डेल्मरनं खाली शिरायची परवानगी मागितली. प्रेस्टननं हसून दोर दाखवला. खाली कुणालाच जाऊ देत नव्हता. पण त्यानं फोटो काढून ठेवले होते. लाकडी घोडीवर मोठे करून मांडले होते. एका फोटोत स्टीअरिंगची पेटी आणि तीन पिवळे ठिपके होते, एकेक बशीएवढा.

“हे बघा. तुमच्या वेळची खूण. परीक्षक आधी हेच बघतात. अख्ख्या देशात असे शाबूत ठिपके चार-पाच गाड्यांवर असतील.”

डेल्मरनं तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “हा आवळलेला नाही.”

“ठिपका आहे की.”

“ठिपका मीच लावलाय.”

मग त्यानं सगळं सांगितलं. डबल, नळी, नंबर. फक्त माझं नाव घेतलं नाही. एक जोडीदार होता, म्हणाला. प्रेस्टननं मध्ये न बोलता ऐकून घेतलं, आणि शेवटी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मिस्टर स्टॅम्पर, तुम्ही उगाच स्वतःला दोष देताय. त्या काळी माणसं जीव ओतून काम करायची. म्हणून तर गाडी अजून उभी आहे. मी हिला इथवर आणली. लोण्यासारखी चालते.”

“ती लोण्यासारखीच चालणार. पेटी सुटेपर्यंत तुम्हाला काही कळणार नाही. मला पाना लावू द्या. एक मिनिट.”

“ठिपका फुटेल.”

“फुटू दे.”

प्रेस्टनचा चेहरा जरा आखडला. तरी तो सभ्यपणेच बोलला. सोमवारी परीक्षण झालं की स्वतः गाडी मेकॅनिककडे नेतो, हवं तर तुम्हालाही बोलावतो, म्हणाला. तीनशे मैलांचा तर प्रश्न.

डेल्मरनं माझ्याकडे बघितलं. जोडीदार तिथेच उभा आहे, हे सांगायची वेळ होती. मी म्हातारीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली की ह्या गाड्यांच्या मागच्या बैठकीत झोप फार छान लागते, तिचे मिस्टर चालवायचे तेव्हा ती पुलापर्यंत उठायचीच नाही. मी म्हणालो, हो, बैठका चांगल्या होत्या.

रविवारी सहाला डेल्मरचा पिकअप माझ्या दारात उभा होता. पुढे लांब टॉर्क पाना ठेवलेला. आकडा लावला तेवढं आवळलं की हा पाना टक् असा आवाज करतो. त्यानं सत्तरचा आकडा लावून ठेवला होता.

“चल,” तो म्हणाला.

मी जॅकेट घेतलं. बायकोला सांगितलं, मासे धरायला जातोय.

गाडी आम्हाला शहराबाहेर लागली. हिरवी, लांब, साठच्या वेगानं. आम्ही मागे राहिलो, चार गाड्यांचं अंतर ठेवून. डेल्मर डावं पुढचं चाक दिसेल अशा बेतानं रस्त्याच्या मधल्या रेघेकडून चालवत होता. दोनशे मैल आम्ही ते चाक बघितलं.  एकदा त्यानं सांगितलं, की दोन बोल्ट चांगले असले तर ते तिसऱ्याचं ओझं घेतात. घेत राहतात. मग त्यांच्या भोकांपाशी सांगाड्याचं लोखंड चिरतं. आधी केसाएवढं. गाडी उभी असेल तर कित्येक वर्षं तेवढंच राहतं. ती चालवायला नको.

“बारा हजारच मैल झालेत,” मी म्हणालो.

“कालपर्यंत.”

लोकांना ती गाडी आवडत होती. शेजारून जाणारे भोंगा वाजवायचे, मुलं काचेला नाक लावून हात हलवायची. प्रत्येक भोंग्याला प्रेस्टन स्टीअरिंगवरचा हात काढून बाहेर दाखवायचा. दुसरा हात दारावर होता. मग ते चक्र कशानं धरलं होतं, मला माहीत नाही. एका वळणावर गाडी जराशी डावीकडे गेली, मधल्या रेघेपर्यंत, आणि आपणहून परत आली. समोरून लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक येत होता. तो गेला. डेल्मरची बोटं आमच्या स्टीअरिंगवर पांढरी झाली होती.

“पहिल्यांदा गेली का अशी?” मी विचारलं.

“तिसऱ्यांदा. तू झोपला होतास.”

मी झोपलो नव्हतो. पण डोळे मिटले होते खरे.

पुलावरून जाताना काय होईल ह्याचाच मी विचार करत होतो. पाच मैलांचा पूल, मधल्या पट्ट्यात लोखंडी जाळी, खाली पाणी दिसतं. तिथे वारा असतो. डेल्मर म्हणाला, पुलापर्यंत ही पोचत नाही. मला वाटलं तो मोडण्याबद्दल बोलतोय. तो पेट्रोलबद्दल बोलत होता. ह्या गाड्या मैलाला काय पितात ते त्याला पाठ होतं. दोनशेच्या पुढे काटा खाली जातो, आणि प्रेस्टन सांभाळून वागणारा माणूस, काटा तळाला जाऊ देणार नाही.

दोनशे चार मैलांवर हिरव्या गाडीनं दिवा दाखवला आणि पंपावर वळली.

प्रेस्टननं नळी टाकीत लावली, ती आपणहून भरत राहील अशी अडकवली, आणि आत गेला. वीस गॅलन भरायला वेळ लागतो. आई मागे झोपली होती, तिच्या बाजूची काच अर्धी उघडी. डेल्मरनं पिकअप मागे लावला. फळी काढायला थांबला नाही. पाना आणि विजेरी घेऊन चालत गेला, डाव्या चाकापाशी खाली बसला, एक हात काँक्रीटवर, मग कोपर, मग पाठ. त्र्याहत्तराव्या वर्षी ह्याला किती वेळ लागतो ते मी बघितलं. त्यानं एकही हालचाल वाया घालवली नाही.

मी दुकानाच्या दरवाज्याकडे नजर ठेवून उभा राहिलो. खालून रंग तडकल्याचा आवाज आला. बारीकसा, अंड्याच्या कवचासारखा. मग पान्याचा. डेल्मर फिरवत होता. मी टक् होण्याची वाट बघत होतो. पूर्ण एक फेरा झाला असेल. मग आणखी एक.

“ब्रोनी.”

मी वाकलो.

“फिरतोच आहे.”

त्यानं हात बाहेर काढला. तळव्यावर गंजाची भुकटी होती आणि तिच्यात आट्यांच्या बारीक कड्या, केसांसारख्या. सैल बोल्टात पाणी शिरतं. तेहतीस वर्षं शिरत होतं. आतले आटे खाऊन टाकले होते. तो बोल्ट आता कुणालाच आवळता आला नसता. विजेरीच्या उजेडात त्यानं मला दुसऱ्या बोल्टाचं भोक दाखवलं. चीर तिथून निघाली होती. केसाएवढी नव्हती, माझ्या करंगळीएवढी लांब होती, आणि तिच्या कडा चकचकीत होत्या. चकचकीत म्हणजे ताजी.

प्रेस्टन दोन कॉफ्या घेऊन बाहेर आला. आधी त्यानं मला बघितलं, मग चाकामागून बाहेर आलेले दोन बूट. कॉफी त्यानं पंपावर नीट ठेवली. खाली वाकून बघितलं. डेल्मरच्या गालावर पिवळ्या रंगाचा कपचा चिकटला होता.

प्रेस्टन ओरडला नाही. त्याचा आवाज उलट बारीक झाला.

“तुम्ही माझ्या मागे आलात. इथपर्यंत.”

“आटे गेलेत,” डेल्मर खालून म्हणाला. “सांगाडाही चिरलाय. इथून हिला उचलूनच न्यावी लागेल.”

“तुम्ही पाना लावायच्या आधी ती ठीक होती.”

“नव्हती.”

“दोनशे मैल आलो मी हिच्यात.”

“आलात खरे.”

“बाहेर या.”

“नाही येत.”

प्रेस्टननं नळी काढली आणि टाकीचं झाकण लावलं. पोलिसांना बोलावतो म्हणाला, पण फोन काढला नाही. गाडीत बसला, दार लावलं, आणि इंजिन सुरू केलं. म्हातारा घाबरून बाहेर येईल असं त्याला वाटलं असणार. चाकामागचे बूट हलले नाहीत.

मी प्रेस्टनच्या काचेपाशी गेलो. काच बंद होती. मी ठोकलं. त्यानं समोर बघितलं. मग मी सांगायला लागलो, बंद काचेला. की तो बोल्ट डेल्मरचा नव्हता, माझा होता. जोडीदार मीच. त्यानं मुकादमाला सांगू का विचारलं होतं आणि मी गप बस म्हणालो होतो. त्या गाड्यांच्या काचा जाड असतात. प्रेस्टनचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि त्याला एक शब्द ऐकू गेला नाही.

“तू काय करत होतास तेव्हा?”

मागच्या अर्ध्या काचेतून म्हातारी विचारत होती. जागी होती. केव्हापासून, माहीत नाही.

“झोपलो होतो, बाई.”

“किती वेळ?”

“अर्धा तास.”

तिनं माझ्याकडे बघितलं. राग दिसला नाही. एखाद्याचं वजन डोळ्यांनी करावं तसं बघत राहिली.

गाडी किंचित पुढे झुकली. प्रेस्टननं गियर टाकला होता की नुसता पाय हलला होता, मला आजही सांगता येणार नाही. मी पुढून वळसा घालून उजव्या चाकापाशी गेलो. माझा उजवा गुडघा वाकत नाही. बंपरला धरलं, डावा गुडघा टेकवला, मग दुसरा पाय मागे सोडला, मग तळवे, मग छाती. काँक्रीट गरम होतं. त्यावर तेल सांडलेलं होतं. चाकाच्या पुढे आडवा होऊन मी डोकं आत घातलं. पलीकडे डेल्मर पाठीवर पडला होता. त्याचा एक हात वर, स्टीअरिंगच्या पेटीखाली, ती धरून ठेवल्यासारखा.

“गुडघा?” त्यानं विचारलं.

“दुखतोय.”

“पाय आत घे.”

मी घेतला. वर इंजिन चालू होतं, पण त्या गाडीचं इंजिन असं, की खाली पडूनही ऐकू येईना. मी सांगाड्याला हात लावला. तो थरथरत होता.

मागचं दार उघडलं. पांढऱ्या कापडी बुटातला एक पाय काँक्रीटवर आला. थांबला. मग दुसरा. दार मिटलं नाही, उघडंच राहिलं.

“प्रेस्टन,” ती म्हणाली, “मी उतरलेय.”

मी हात सांगाड्यावरच ठेवला. तो अजून थरथरत होता.